चोवीसशेला दहाने भागावे

चिटणीसांचा सूड घ्यावा, असे माझ्या मनात दोन वर्षे होते. संध्यावंदन कधी चुकले नाही आणि हा विचारही कधी चुकला नाही.

होळी गावातील आमच्या लहानशा पाठशाळेत मी अकरा वर्षे एक टीकाकोश संगणकावर उतरवीत होतो. गुरूंनी तोंडी सांगितलेले अर्थ माझ्या वह्यांत होते. ते ताडून, क्रम लावून मी एकेक शब्द टंकित केला. मग संस्थेने पुस्तक छापायचे ठरविले आणि जाहिरातीचे पत्रक निघाले. त्यावर संपादक म्हणून चिटणीसांचे नाव होते. अगदी खाली, मंडप आणि ध्वनिक्षेपकवाल्यांच्या जेमतेम वर, माझे नाव होते : ‘टंकलेखन साहाय्य’. मी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “गुरुजी, तुम्हाला नावाचा मोह? आम्ही समजत होतो तुम्ही विरक्त!” विश्वस्तही हसले. मी उपरणे सावरून घरी आलो.

संस्थेचे हे चिटणीस दूरसंचाराच्या नोकरीतून निवृत्त झालेले, राहायला विरारला मनवेलपाड्यात. कोशाला त्यांनी प्रस्तावनाही जोडली होती. सव्वादोनशे पानांची. तीत गुरू दोन पाने होते. उरलेल्या पानांत चिटणीसांचे बालपण, बदल्या आणि सत्कार. हाताने लिहिण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून ते येरझाऱ्या घालीत सांगत आणि मी त्याच संगणकावर टंकित करी. कागदावर तिचे एक अक्षरही नव्हते.

तो संगणक आता इतका जुना झाला होता की त्यातील मजकूर बाहेर काढण्याची एकच वाट उरली होती : मागच्या बाजूची, नऊ टाचण्यांची जुनी जोडणी. नालासोपाऱ्याहून एक पन्नाशीचा कारागीर बोलावला. त्याने यंत्र उघडून पाहिले आणि मान हलविली.

“काका, ही डिस्क एकदाच उठेल. एकदा बंद पडली की खतम. आणि स्पीड चोवीसशेच्या वर नेऊ नका, अक्षरं गळतात.”

चोवीसशे म्हणजे सेकंदाला चोवीसशे बिट. मी विचारले, म्हणजे अक्षरे किती? तो म्हणाला, “एका अक्षराचे आठ बिट. पण या जुन्या लाइनीत आधी एक बिट जातो, अक्षर येतंय सांगायला. नंतर एक जातो, संपलं सांगायला. म्हणजे दहा. दोनशे चाळीस अक्षरं सेकंदाला, बस.”

मला ते लगेच पटले. पठणात चरणाची अक्षरे आठ असली, तरी आधीचा श्वास आणि नंतरचा विराम धरल्याखेरीज पारायणाला लागणारा वेळ कधी जुळत नाही.

सारा मजकूर मिळून त्रेचाळीस लाख वीस हजार अक्षरे भरली. चार युगांची मिळून वर्षेही तितकीच, हे ध्यानात येताच मी हात जोडले. दोनशे चाळीसने भागले. बरोबर पाच तास.

चिटणीसांनी शुक्रवार निवडला, कारण त्या दिवशी विश्वस्त येणार होते. आरंभ सकाळी आठला. साडेबाराला दुरुस्तीसाठी वीज जाणार, ही सूचना फाटकावरच चिकटविलेली होती. पाठशाळेला इन्व्हर्टर नाही.

“चोवीसशे भागिले आठ, तीनशे,” चिटणीस सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. “चार तास. बाराला काम फत्ते, मग जेवण.”

मी म्हणालो, “साहेब, दहाने भागावे लागते. पाच तास लागतील. उद्या करू.”

“गुरुजी, मुहूर्त तुम्ही काढा, भागाकार आमच्यावर सोडा. अहो, जन्म गेला यात!”

कारागीर काही बोलणार होता. मी त्याच्याकडे पाहिले. तो खाली वाकून जोडणी तपासू लागला. एकदा सांगणे हे माझे कर्तव्य होते. दुसऱ्यांदा न सांगणे हा माझा सूड.

मग मी अत्यंत नम्रतेने विचारले, “कोणता भाग आधी पाठवू?”

“कोणताही पाठवा हो. सगळंच येणार आहे.”

पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. ग्रंथ कोणी सांगितला, कोणी रचला, कोणत्या शकात पुरा झाला, हे तीत लिहिलेले असते. पोथीतले अक्षर बदलायचे नाही, हा गुरूंचा दंडक विश्वस्तांनीही शिरोधार्य मानलेला. कोशाला मी जोडलेली पुष्पिका सर्वांत आधी पाठविली, मग कोश आणि सर्वांत शेवटी प्रस्तावना.

नव्या संगणकाच्या पडद्यावर पहिल्या ओळी उमटल्या तेव्हा विश्वस्त कौतुकाने पुढे वाकले. एकाने अर्थ विचारला. मी सावकाश सांगितला : गुरूंच्या मुखातून ऐकून, अमुक शिष्याने अकरा वर्षांत हा कोश रचिला. अमुकच्या जागी माझे नाव होते. हसले कोणीच नाही. चिटणीस खिशात चष्मा शोधू लागले.

बारा वाजले. जेवणाची पाने वाढलेली होती, मजकूर अजून येतच होता. सव्वाबाराला कोश पुरा झाला. चिटणीस घड्याळ आणि पडदा आळीपाळीने पाहत होते. “वेग वाढवा ना!” ते कारागिरावर ओरडले. “साहेब, अक्षरं गळतील,” तो म्हणाला. साडेबाराला पंखा थांबला. प्रस्तावना तेव्हा त्यांच्या शाळाप्रवेशापर्यंत आली होती.

वीज संध्याकाळी आली. नव्या संगणकात आलेले सारे शाबूत होते. जुने यंत्र उठले नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं!” चिटणीस माझ्यावर धावून आले.

“मी सांगितले होते. सर्वांसमक्ष.”

विश्वस्तांपैकी सर्वांत वडील होते त्यांनी मान डोलावली. त्या क्षणी मला जे सुख झाले, तसे अभिषेकाच्या वेळीही कधी झाल्याचे स्मरत नाही. हे लिहिताना लाज वाटावी, वाटत नाही.

अर्धवट प्रस्तावना वगळून कोश छापून आला. मुखपृष्ठावर गुरूंचे नाव, खाली संकलक म्हणून माझे. पहिली प्रत मी स्वतः मनवेलपाड्यास नेली. चौथा मजला, लिफ्ट बंद, गुडघे दुखत होते. तरी एकेक पायरी चढलो. चिटणीसांनी पुस्तक उघडले, सुरुवातीची पाने पुन्हा पुन्हा उलटली. त्यांनी पुस्तक मिटेपर्यंत मी उभा राहिलो. मग प्यायला पाणी मागितले आणि ते आणायला आत गेले तेव्हा त्यांच्याच खुर्चीत बसलो.