अण्णांनी रोबोटचा ट्रक केला

मित्रांनो, हे महागडे खेळण्यातले रोबोट लहानांसाठी असतात की मोठ्यांसाठी? माझं उत्तर आज दुपारी केडगावच्या आमच्या घरात ठरलं.

सात वर्षांच्या लेकीला, ईश्वरीला, मी ट्रक होणारा रोबोट आणला. त्याचे बारीक सांधे तिला वळेनात. ती रडकुंडीला आली.

माझे वडील, अण्णा, रिटायर्ड फिटर. अर्धांगवायूनंतर उजव्या हाताच्या व्यायामाचं ते नाव काढू देत नाहीत. आज मात्र म्हणाले, "आण इकडं." तासभर दोन्ही हातांनी झटले आणि ट्रक झाला.

"आजोबा, आता परत रोबोट करा," ईश्वरी म्हणाली.

"थांब जरा, बोटं लई दुखत्यात," म्हणत ते पुन्हा कामाला लागले.

ही खेळणी मोठ्यांसाठीच आहेत. पुढचा रोबोट अण्णांच्या नावानं घेणार. तुमच्याकडं कोण खेळतं?