एकदाच विचारलं

जूनमध्ये नवऱ्याला ऑफिसच्या कामासाठी सॅन फ्रान्सिस्कोला जायचं होतं आणि काम संपल्यावर आठवडाभर सुट्टी मिळणार होती. लेकीच्या शाळेलाही जूनमध्येच सुट्टी. म्हणून मार्चमध्येच मी सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. ठिकाण मी आधीच ठरवून टाकलं होतं, युरेका. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं, लाकडाच्या व्यापारावर गब्बर झालेलं जुनं बंदर. त्या व्यापाऱ्यांची नक्षीदार लाकडी घरं अजून उभी आहेत आणि गावातून गाडी काढली की थोड्याच वेळात रेडवुडची जंगलं लागतात. बारा महिने घामाघूम होणाऱ्या मला तर नुसत्या धुक्यावर आणि स्वेटरवरही ते गाव पटलं असतं.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने रेडवुडचं झाड केलं होतं, म्हणजे खरं तर तिच्या आजीने केलं होतं. माझ्या सासूबाई पाच वर्षांपासून आमच्याकडे राहत होत्या. मी नोव्हेनाला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, नवरा आयटीत. लेकीला शाळेतून आणण्यापासून तिच्या खाण्यापिण्यापर्यंत सगळं त्यांच्यावर. पुठ्ठ्याच्या नळ्या एकावर एक चिकटवताना त्या तिला विचारायच्या, "खरंच एवढं उंच असतं? आपल्या ब्लॉकपेक्षा?"

"येस लाह आजी, मच टॉलर," लेक म्हणायची.

मला सहलीत त्या नको होत्या. सरळच लिहिते. भांडण काही नव्हतं, त्या कधी टोचून बोलल्याचंही आठवत नाही. पण पाच वर्षांत आम्ही तिघंच असे कुठेही गेलो नव्हतो. मला एक आठवडा असा हवा होता की मी उशिरा उठले तर कुणी आधीच चहा करून ठेवलेला नसेल.

तरी विचारणं भाग होतं. त्या भाजी निवडत होत्या. लॅपटॉपवरून मान वर न करता मी म्हटलं, "आई, तुम्ही येताय का अमेरिकेला?"

"मी कशाला गं? माझे हे असले गुडघे. तुम्ही जाऊन या."

आता, आमच्याकडे पहिलं 'नको' कुणी खरं धरत नाही. पाहुणा पोळी नको म्हणतो, आपण वाढतो. तो ताटावर हात आडवा धरतो, तरी आपण वाढतो. तिसऱ्यांदा म्हणाला तर ते खरं. हे न कळायला मी काही परकी नव्हते. पण मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पडत्या फळाची आज्ञा मानून त्याच संध्याकाळी तीन तिकिटं काढली आणि युरेकात बंदराजवळ एका खोलीचं छोटं घरही घेऊन टाकलं. नवऱ्याला सांगितलं, "आई नको म्हणाल्या." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तीन आठवड्यांनी, दुपारचे पेशंट रद्द झाले म्हणून मी लवकर घरी आले. खाली लिफ्टपाशी उभी होते, तेवढ्यात शेजारच्या जिन्यातून ओळखीच्या चपलांचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर सासूबाई कठडा धरून चढत होत्या. आधी चांगला पाय वर, मग दुखरा. हे मी पेशंटना दिवसातून दहा वेळा सांगते. त्यांनाही वर्षापूर्वी सांगितलं होतं, व्यायामाचा कागद दिला होता आणि तो कागद फ्रिजवर नुसता लटकत होता. आता मात्र पाऊल अगदी बरोबर पडत होतं. मागून लेक दप्तर घेऊन पायऱ्या मोजत होती.

"आई, लिफ्ट बंद आहे का?"

त्या दचकल्या. "नाही गं, सहज. गर्दी होती लिफ्टला."

भर दुपारी कसली गर्दी! लिफ्ट माझ्यासमोर रिकामी उघडी होती.

"आजी एव्हरीडे प्रॅक्टिस करते," लेक म्हणाली. "फोर फ्लोअर्स ऑलरेडी. ट्रीज बघायला जायचं ना. मम्मा परत विचारेल तेव्हा पाय रेडी पाहिजेत."

"गप गं," सासूबाई म्हणाल्या.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आलाही. एवढं यायचं होतं तर स्पष्ट सांगायचं, असं मी लिफ्टमध्ये मनातल्या मनात भांडून घेतलं. अकराव्या मजल्यापर्यंत तो राग काही टिकला नाही.

त्या चहासाठी दूध तापवायला लागल्या, तेव्हा मी ओट्यापाशी जाऊन म्हटलं, "आई, चला ना आमच्याबरोबर. अजून दोन महिने आहेत, व्हिसाला वेळ आहे."

"आता कशाला? तिकिटं झाली ना तुमची."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"प्रिंटरवर पडली होती. तीन." त्या दुधाकडे बघत होत्या. "नको, खरंच."

"मग जिने कशाला चढत होतात?"

"वाटलं, विचारशील. आणि गुडघ्यांमुळे राहिले असं नको होतं मला."

हे दुसरं 'नको' झालं. पुढचा आग्रह कसा करायचा ते मला चांगलं येतं. तुमच्याशिवाय मजा नाही, नात रडेल, तुमच्या मुलाला वाईट वाटेल. असली वाक्यं मी पाहुण्यांपुढे शेकड्याने बोलले आहे. त्या दिवशी एकही तोंडातून निघेना.

"मला तुम्ही बरोबर नको होतात," मी म्हणाले. "तुमचे गुडघे माझ्या पथ्यावर पडले. मी मुद्दामच परत विचारलं नाही."

दूध वर आलं. त्यांनी गॅस बंद केला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आणि आता?"

"आता तुम्ही यावं असं वाटतंय. आठवड्यातले दोन दिवस तरी मी तुमच्यावर चिडेन."

"मीही चिडेन," त्या म्हणाल्या. मग ओले हात गाऊनला पुसले आणि पासपोर्ट आणायला आत गेल्या.