तालमीतला हरवलेला तांब्या

आमच्या किन्हवलीच्या तालमीत पोरं मोजून सात. किस्से मात्र पोतंभर! दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी तिथं जायचो. पुढं पुष्कळ गावं पाहिली, पण रामा वस्तादांनी दिले तसे धक्के कुणी दिले नाहीत.

*

मी गेलो कुस्ती शिकायला. वस्तादांनी मला उताणं झोपवलं, पोटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि म्हणाले, "श्वास घे. सावकाश पाय उचल. पाणी सांडलं तर उद्या परत हेच."

महिनाभर परत हेच!

शेवटी माझे वडील तणतणत तालमीत आले. "वस्ताद, पोराला निजायलाच शिकवायचं तं घरी जागा नाय काय?"

"तुमी निजून बघा," वस्ताद म्हणाले.

वडील निजले. एकच पाय उचलला आणि गळ्यापर्यंत भिजले! घरी येऊन आईला म्हणाले, "जाऊ दे त्याला. कायतरी अवघड शिकतोय."

*

दुसरे आमचे पोस्टमन गणूकाका. पलीकडच्या शेणवे गावापर्यंत टपालाची थैली एकाच खांद्यावर वाहून पार वाकलेले. नजर कायम जमिनीवर. वस्तादांनी त्यांना रोज भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, तांब्याखाली निजवलं. तीन महिन्यांनी काका कपाळावर हे एवढं टेंगूळ घेऊन आले. आम्ही हादरलोच!

"मारामारी केलीत काय काका?"

"नाय रे! घराची चौकट लागली. बारा वर्सं त्याच दारातून जातोय!"

संध्याकाळी काकूंचा निरोप आला, "वस्तादांना सांगा, थोडं वाकायला पण शिकवा."

*

आमच्या आळीतल्या तुकारामाचा किस्सा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर फांद्या-पाला जाळतात, त्याला राब म्हणतात. राबासाठी फांद्या तोडायला तुकाराम ऐनाच्या झाडावर चढला आणि पाठीवर पडला. डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलेलं नाही, पण हा शेतात उतरेल असं वाटत नाही." त्याची आई ठकूबाई विधवा, पोर एकुलतं एक. आयुष्यभर भाताची लावणी करून तीही कमरेत पार वाकलेली. "येकटी कशी लावणी करू मी?" म्हणून ती रडली, तेव्हा मलाही रडू आलं.

वस्तादांनी तुकारामाला तालमीत आणवलं. पहिले आठ दिवस नुसता श्वास! ठकूबाई दारात कोयता घेऊन बसली.

"माज्या पोराला दुखलं तं बघ!"

"बसलात तशा श्वास मोजा," वस्ताद शांतपणे म्हणाले.

म्हातारी रोज मोजू लागली. मग तुकारामाची टाच सरकली, मग गुडघा वर आला, मग तो काठी टेकत उभा राहू लागला.

*

आणि एक दिवस तालमीतला तांब्या चोरीला गेला!

मारुतीच्या समोरून चोरी? आम्ही सातही जण लालबुंद झालो. घराघरात शोध घ्यायला निघालो तर वस्तादांनीच अडवलं.

"राहू दे. ज्याला पायजे त्यानं नेला."

त्या दिवसापासून तुकारामाच्या पोटावर काठ फुटलेलं गाडगं आलं.

*

आषाढ लागला तेव्हा वस्ताद म्हणाले, "तुका, आज काठी ठेव इथं. घरी चालत जा."

सगळी आळी बाहेर आली. तुकाराम चालला! आम्ही मागून, श्वास रोखून. एकदा थांबला, पण पुन्हा चालला, थेट स्वतःच्या दारापर्यंत.

"आये!"

ठकूबाई भाकरतुकडा ओवाळायला आतून आली. एका हातात भाकर, दुसऱ्या हातात तालमीचा तांब्या!

तुकाराम सवयीनं खाली वाकायला लागला, आईचा हात डोक्यापर्यंत पोचावा म्हणून.

"वाकू नको रे," म्हातारी म्हणाली.

त्यानं मान वर केली. आईचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर होते.

"आये... तू येवढी उंच?"

ठकूबाईनं भाकर ओवाळली, पाणी फिरवलं.

"तुज्या बापाला म्हाईत व्हतं."