कालव्यावरची हजेरी

"अवो, ऐकलं काय?"

एवढीच हाक. नाव नाही, गाव नाही. आमच्या बाईंनी उभ्या संसारात नवऱ्याला दुसरी कसली हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. मोताळ्याच्या आठवडी बाजारात त्यांनी अशी हाक दिली, की त्यांचा नवरा सोडून आजूबाजूचे सगळे नवरे वळून बघायचे. तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हीही कधीतरी असे फुकट वळला असाल.

मी त्यांच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि राहायलाही त्यांच्याच गल्लीत आले, म्हणजे माझी दोन्हीकडून सुटका नव्हती. शाळेत बाई मोठ्या बाई, घरी शेजारीण. वर्गात त्यांचं मराठी एकदम पुस्तकातलं, आणि घराचा उंबरा ओलांडला की अस्सल वऱ्हाडी. हजेरी घेताना पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं ठणकावून घ्यायच्या. "अर्ध्या नावाची हजेरी लागत नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरानं उभं राहून "हजर, बाई" म्हटल्याशिवाय पुढचं नाव निघायचं नाही.

एकदा मी न राहवून म्हटलं, "बाई, अख्ख्या शाळेची नावं तोंडपाठ, आणि घरातलं एक येत नाही होय?" माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुले लय अक्कल आली वं." विषय संपला.

बाईंचे मिस्टर, म्हणजे आमचे काका, एसटीचे ड्रायव्हर. जळगाव जामोदची गाडी त्यांच्याकडे असली की लोक निर्धास्त डुलक्या काढायचे. निवृत्त झाल्यावरसुद्धा चालण्यात तोच तोरा, रस्त्याच्या मधून चालणार आणि मागचे हॉर्न वाजवत बसणार. मग काचबिंदूनं त्यांना गाठलं. आजूबाजूचं दिसेनासं झालं, समोरचा एक गोल तेवढा उरला. "नळीतून पाहून राह्यलो मी," असं म्हणायचे. बुलढाण्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, की गेलेली नजर काही परत येत नाही, आणि उरलेली किती दिवसांची सोबती आहे तेही सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून काका ओट्यावर बसले ते बसलेच. बाजार नाही, चहाची टपरी नाही. ज्या माणसाच्या भरवशावर गाडीभर लोक घाटातून जायचे, त्यानं कुणाचा हात धरून भाजी आणायला जायचं? ते त्यांना मरणाहून जड होतं. सगळा अंधार व्हायच्या आधीच हा माणूस आपण होऊन अंधारात जाऊन बसतोय, हे बाईंना दिसत होतं. त्या माझ्याजवळ एकदाच बोलल्या. म्हणाल्या, डोळे जातील तर जातील, पण माणूस नाही जाऊ देणार मी.

त्यांची लेक फ्रान्समध्ये नोकरीला. तिनं फोनवर सांगितलं, दोघं या, महिनाभर निवांत बसा. बाई म्हणाल्या, बसायला आमचा ओटा काय वाईट आहे? मग लेक बोलता बोलता बोलून गेली, की तिकडे खेड्याखेड्यांतून एक जुना कालवा जातो, त्याच्या काठानं सायकलची वाट आहे, त्या वाटेवर मोटारगाडी म्हणून येत नाही. लोक नवरा-बायको मिळून आठ-आठ दिवस रमतगमत जातात, जिथं संध्याकाळ होईल त्या गावात मुक्काम करतात. बाईंनी तिथल्या तिथं होकार देऊन टाकला.

आता यात एकच अडचण होती. बाईंना सायकल येत नव्हती.

शिकल्या हो. आमच्या शाळेच्या मैदानावर, शाळा सुटल्यावर, पंजाबी ड्रेस घालून. मागून सीट धरून धावायला मी. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी दोनदा बाभळीत गेलो. गल्लीतल्या एका बाईनं नाक मुरडलं, की या वयात हे काय थेर. मी विचारलं, तुमच्या पायावरून गेली का सायकल? नाही ना, मग? काकांनीही आधी कुरकुर केली, लोक काय म्हणतील म्हणून. बाई म्हणाल्या, "लोक काही फ्रान्सले येऊन नाही राह्यले." नळगंगेच्या धरणापर्यंत जाऊन परत यायला लागल्या तेव्हा मला असं वाटलं, की मीच दहावीला बोर्डात आले.

पुढचं सगळं काकांनी आम्हाला सांगितलेलं. बाईंना विचाराल तर त्या म्हणतील, त्यांचं काही ऐकू नका.

लेकीनं दोघांना वाटेला लावून दिलं आणि सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी नेलं. बाई पुढे, काका मागे. बाईंच्या अंगावर पिवळीधमक ओढणी, काकांच्या त्या गोलात नीट दिसावी म्हणून. घाई कसली नव्हतीच. द्राक्षाचा मळा आला की बाई सायकल उभी करून माती चिमटीत घेऊन बघायच्या आणि इथं कापूस झाला असता, असं ठरवून टाकायच्या. चर्च दिसलं की आत जाऊन हात जोडायच्या. दुपारी झाडाखाली बसून तिथली ती हातभर लांबीची पावरोटी मोडायची आणि घरून नेलेल्या ठेच्याशी खायची. वाटेत जो भेटेल त्याला "राम राम". तिकडचे म्हातारे टोपी काढून आपल्या भाषेत काहीतरी म्हणायचे, बाई त्यांना मोताळ्याची खुशाली सांगायच्या. काका तीन दिवसांत हसायला लागले. चौथ्या दिवशी तर गुणगुणत होते म्हणे.

आणि त्याच दिवशी ते झालं. एका जागी वाट फुटत होती. एक वर गावाकडे चढत होती, दुसरी अगदी पाण्याला लागून खाली, कालव्याचं पाणी अडवणाऱ्या फाटकाकडे उतरत होती. बाई वर वळल्या. त्याच वेळी मागून सायकलवाल्यांचा घोळका आला आणि खालच्या वाटेला लागला, त्यात एका पोरीच्या अंगातही पिवळंच. काकांच्या गोलात ते पिवळं आलं आणि काका त्याच्या मागं लागले. बाईंनी मागं वळून पाहिलं तर वाट मोकळी.

खाली बघतात तर काका पाण्याच्या कडेनं चाललेले. पाणी डाव्या हाताला, आणि डावीकडचं त्यांना काहीच दिसत नव्हतं. बाई ओरडल्या, "अवो!" पुन्हा ओरडल्या, "अवो, ऐकलं काय!" पण फाटकातून पाणी असं धो धो पडत होतं, की त्यात ती हाक विरून गेली.

मग बाईंनी सायकल टाकली, छाती भरून श्वास घेतला आणि वर्गातल्या आवाजात नवऱ्याचं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. पुरतं, खणखणीत.

काकांनी कचकन ब्रेक मारला. पुढचं चाक दगडी काठाला टेकलं होतं. ते सायकलवरून उतरले, ताठ उभे राहिले आणि पाण्याच्या वर आवाज चढवून म्हणाले, "हजर, बाई!"

फाटकाजवळ एक म्हातारा होडी रंगवत बसला होता, तो ब्रश खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागला. बाई धावत खाली गेल्या आणि काकांचा दंड धरून भर रस्त्यात रडल्या. काकांनी हात सोडवून घेतला नाही. त्यानंतर दोघं उरलेला कालवा पुरा करूनच थांबले. आम्हाला हे सांगताना काकांनी ते नाव पुन्हा पुन्हा बाईंच्याच थाटात घेऊन दाखवलं. मी ते इथं लिहीत नाही. बाईंनी ते एकदा घेतलं, तेवढं पुष्कळ आहे.

दोघं परत आले तेव्हा गल्ली त्यांच्या ओट्यावर लोटली. काका मधोमध बसलेले, पूर्वीच्याच तोऱ्यात. मोबाईलवरचे फोटो हातोहात फिरत होते. धामणगाव बढ्याहून आलेल्या पाहुण्यानं विचारलं, "काका, एवढ्या दूर गेले, तं काय काय पाह्यलं फ्रान्सात?"

पाहुण्याचा तो प्रश्न मला जरा टोचला. त्याला डोळ्यांचं माहीत नसावं.

"खरं सांगू काय? मले हिची पाठ दिसली," काका म्हणाले. "लग्न झालं तवापासून सायकलवर ही माह्या मांगं, मोटारसायकलवर मांगं, एसटीत बी माह्या मांगच्या सीटवर. मी आपला समोर पाहून राह्यलो. हे माणूस मले कधी दिसलंच नव्हतं. आठ दिवस दिसलं. आता डोळे गेले तरी काही म्हणणं नाही माहं."

बाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. ट्रे त्यांनी माझ्या हातात दिला आणि त्या आत गेल्या.

आता बाईही निवृत्त झाल्यात, आणि काकांना काहीच दिसत नाही. पण ओटा रिकामा असतो. सकाळी मी शाळेत निघते तेव्हा दोघं भर बाजारातून येताना दिसतात. काकांचा हात बाईंच्या खांद्यावर, मान ताठ. बाई पुढं चालतात, रस्त्याच्या अगदी मधून, आणि मागचे हॉर्न वाजवत बसतात.