गाळलेला ठोका

धावजी राठोडाने डफावर थाप मारली की होळीत सारा तांडा लेंगी गायला उभा राहायचा. दिग्रसच्या आसपासच्या तांड्यांतूनही त्याला बोलावणं यायचं. मैफलीत असा रंग भरणारा माणूस, आणि साठीनंतर त्याच्याच काळजाने ताल सोडला! ठोके कधी एकमेकांच्या अंगावर धावून यायचे, कधी मधेच दडी मारायचे.

बायको हंसाबाई तोवर गेली होती. मुलगा संजय पुण्याच्या कारखान्यात. त्यानेच बापाला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेली आणि आतल्या खोडकर जागा डागल्या. म्हणाले, "पहिले तीन महिने ठोका चुकला तरी घाबरू नका. आतली जखम भरायला वेळ लागतो. त्यानंतरही चुकत राहिला, तर बघू. कदाचित पुन्हा करावं लागेल."

एरवी सणासुदीला बोलणारा संजय आता रोज संध्याकाळी फोन करू लागला.

"काय म्हणते छाती, बा?"

ते शब्दांत कसं सांगणार? धावजी फोन खाटेवर ठेवायचा, एक हात छातीवर, आणि दुसऱ्या हाताची बोटं पत्र्याच्या डब्यावर. काळीज जसं चालेल तसं वाजवायचा.

"आज ठोका लय चुकून राह्यला रे, बा."

"चुकला तं चुकला. पुढचा आला ना!"

दोघं हसायचे. मग बोलण्यात नातीची शाळा निघायची, कारखान्यातला साहेब निघायचा.

तिसरा महिना सरला आणि ठोके सरळ झाले. स्वच्छ, एकसारखे. धावजी दिवेलागणीला छातीवर हात ठेवून बसून राहिला. काळजी मिटली, म्हणजे फोनही मिटला. त्या संध्याकाळी डब्यावर त्याने मुद्दाम एक ठोका गाळला. दुसऱ्या दिवशीही गाळला. मग गाळतच राहिला.

"बा, डॉक्टरशी बोललो," एकदा संजय म्हणाला. "पुन्हा तार घालावी लागन म्हणते. मी सुट्टी टाकून येतो. चांगला आठ-दहा दिवस राहीन."

आठ-दहा दिवस! धावजीने हंसाबाईची खाट उन्हात टाकली, गोधडी झटकली. काळीज पुन्हा डागून घ्यायची त्याची तयारी झाली.

संजय निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन आला. "वाजव, बा."

धावजीने वाजवलं.

"अजून एकडाव."

वाजवलं.

"बा, पहिले ठोका कुठंबी चुकत होता. आता दर चौथ्यालेच कसा काय चुकून राह्यला?"

धावजीने बोटं डब्यावरून काढून घेतली. जन्मभर तालात राहिलेल्या हाताला बेताल होणं जमलंच नव्हतं.

"खरं सांग. बरा हायेस ना?"

"हाव."

"मंग काहून असं केलं?"

"बरा हाये म्हणलं असतं, तं तू फोन कायले केला असता?"



"मंग सुट्टी रद्द करतो," संजय हळूच म्हणाला.

"कर."

दुसऱ्या दिवशी धावजी फोनकडे पाठ करून बसला होता. तरी तो वाजला.

"बा."

"हाव."

विचारायला काही उरलंच नव्हतं.

"काय खाल्लं?" शेवटी संजयने विचारलं.

"भाकर. अन् वांगे."

"अन्?"

खाल्लं तेवढंच होतं. धावजीने जरा विचार केला, आणि ती वांगी बाजारात कशी मिळाली, तिथपासून सांगायला घेतलं.