आबांनी पारखलेल्या दोन गाड्या

परवा मुलाने मोबाइल पुढे धरून विचारलं, "बाबा, मिउरा भारी की डायब्लो?" ज्याच्या गाडीची काच अजून हँडल फिरवून खाली करावी लागते, त्याला हे विचारत होता! पण त्या दोन इटालियन गाड्या पाहिल्या आणि मला एकदम सरकीच्या पेंडीचा वास आला.

मी कॉलेजात असताना एकदा मुळशीतल्या आमच्या घरी मित्र आले होते. भिंतीवर मी दोन चित्रं लावली होती. एक जुनी, गोलसर मिउरा आणि दुसरी तिच्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आलेली, वर उघडणाऱ्या दारांची डायब्लो. माझं व्याख्यान रंगात आलेलं असताना आबा, म्हणजे माझे वडील, बैलांना पेंड घालून आत आले. बाजारात बैल पारखावा तसे ते चित्रांपुढे उभे राहिले.

"ही जुनी घ्यावी. डोळा बघ कसा शांत हाय. ती दुसरी लई माजलीया, दावणीला टिकायची न्हाई."

मित्र हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. "आबा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं? चहाचं बघा जरा."

आबाही हसले आणि चहा सांगायला गेले.

इतकी नेमकी तुलना मी नंतर कुठल्या मासिकातही वाचली नाही. पण त्या दिवसानंतर आबांनी मला कशातच आपलं मत सांगितलं नाही, अगदी माझ्या लग्नातही. शेवटच्या आजारात ते दवाखान्यात होते, तेव्हा मी विचारलं, "आबा, घरी जायचंय का?"

खिडकीकडे बघत ते म्हणाले, "तुला बरं वाटंल तसं कर."

मी त्यांना तिथेच ठेवलं.