सही करके

रामदीनभैया सकाळीच माझ्या टेबलाशी आले. हातातला कागद पुढे करून म्हणाले, "दीदी, हुकुम में लिखा है सही करके भेजो. मैंने सही करके भेजा. अब पूछते हैं, काहे भेजा!"

कागद म्हणजे चार्जशीट होतं, हुकूम मोडल्याचा लेखी आरोप. एकाहत्तरची लढाई चालू होती. जबलपूरच्या आमच्या कारखान्यातून सीमेकडे पेट्या जात होत्या आणि रामदीनभैया गेटवर चेकर होते. आरोप शाबीत झाला तर नोकरी जाणार, क्वार्टरही सोडावं लागणार. आणि हा माणूस इतका सरळ की हुकूम मोडेल हे मला पटेना.

मी ओ अँड एम सेलमध्ये होते. कारखान्यातले हुकूम कोण लिहितं, कोण तपासतं, त्यात काय सुधारता येईल, हे बघायचं आमचं काम. लोक आम्हाला रिकामटेकडे समजत. मी फाइल मागवली.

साहेबांची मूळ टीप इंग्रजीत होती. चेकरने प्रत्येक पेटीच्या चिठ्ठीवर सही करावी, मगच पेटी बाहेर जावी. त्यावरून हिंदी हुकूम लिहिला हेडक्लार्क बापटकाकांनी: 'हर पेटी सही करके ही बाहर भेजी जाए.' खाली तीन अधिकाऱ्यांची आद्याक्षरं. एक तमिळ, एक बंगाली, एक मल्याळी. हिंदी वाचता येणारा त्यांत एकही नव्हता.

"काका, सही म्हणजे काय?"

"सही म्हणजे सही. काहून विचारून राहिली?"

"हिंदीत तिला दस्तखत म्हणतात. हिंदीत सही म्हणजे बरोबर, ठीकठाक."

काकांनी चष्मा काढला. त्यांच्या तीन पिढ्या जबलपुरात गेलेल्या. "अगं, बाहेर दिवसभर हिंदीच तर बोलून राहिलो मी," ते पुटपुटले. रामदीनभैयांनी झाकणं ठोकून, लेबलं तपासून ट्रकभर पेट्या अगदी 'सही करके' पाठवल्या होत्या. चिठ्ठ्या कोऱ्याच. मला हसूही आलं आणि संतापही.

काका आणि मी साहेबांकडे गेलो. साहेबांना पटेना. मी दारातल्या चपराशी तिवारीजींच्या हातात हुकूम दिला. "आप क्या करेंगे?"

"पेटी ठीकठाक करके भेज देंगे, और क्या!"

साहेबांनी चार्जशीट तिथल्या तिथे रद्द केलं. मी घोडं पुढे दामटलं. यापुढे हुकूम निघण्याआधी तो पाळणाऱ्याला वाचून दाखवायचा आणि काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐकायचं.

"लढाई चालू आहे, बाई. एवढा वेळ कुठाय?"

"साहेब, चार्जशीट टाइप करायला होता."

साहेब हसले आणि मंजुरी दिली. पुढचे मसुदे बापटकाका स्वतः गेटवर नेऊ लागले. रामदीनभैया बिडी विझवून ऐकत आणि बिनदिक्कत चुका काढत.

दोन मसुदे ऐकून मात्र त्यांनी एवढंच विचारलं, "काकाजी, ये निकालना जरूरी है क्या?"

नव्हतंच. ते दोन हुकूम आम्ही काढले नाहीत. सेलमध्ये मी पुढे पुष्कळ जाडजूड अहवाल लिहिले, पण कारखान्याचं इतकं भलं त्यातल्या एकानेही केलं नाही.